मांद्र्याच्या पुनोचे हात

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. समोरच्या बाकावर कित्येक वर्षं आमच्या नाटकमंडळीतली माणसं येऊन बसतात. चहा येतो, कोणीतरी "याद आसा रे तुका?" म्हणतो, आणि सुरू! माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे हे किस्से साठलेत. जागा खातात, पण टाकवत नाहीत.

त्यातले निम्मे पुनोचे. कागदावर पुंडलिक, पण ते नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. मांद्र्याचा. तो तबला वाजवणार, मी पेटी. अर्धं आयुष्य आम्ही शेजारी बसून काढलं.

लोक हे किस्से हसायला म्हणून सांगतात. मीही सांगतो. पण मध्येच कुठंतरी हसणं थांबतं आणि बाकावरचे सगळे आपापल्या कपात बघायला लागतात. तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, म्हणजे असं का होतं ते कळेल.

*

पुनोचे गुरू भिकूमामा, आमोण्याचे. मांडवीच्या काठी घर, मागे शेत. देवळातलं भजन असो की आसपासच्या गावातलं नाटक, तबला मामांचाच. शिकवायची पद्धत एकच. शिष्याला ओसरीवर बसवायचं, "सरळ तीनताल, एकाच लयीत, मी येईपर्यंत," म्हणायचं आणि निघून जायचं!

एकदा सकाळी पुनोला असंच बसवून मामा बाजाराला गेले. दुपारी परत आले आणि वहाणा काढायच्या आधीच म्हणाले, "लय वाढवलीस."

"ना मामा!"

"वाढवलीस. आणि चांगली वाढवलीस."

पुनो घाबरला. "तुमी हांगा नासलात. तुमका कशें कळ्ळें?"

मामांनी शेजारच्या अंगणाकडे बोट केलं. "ती बाय रोज उखळात भात कांडते. तुझ्या ठेक्यावर मुसळ मारते, तिला स्वतःलाही कळत नाही. रोज मी येतो तेव्हा तिचं अर्धं काम बाकी असतं. आज बघ. सगळं कांडून झालंय आणि बिचारी दंड चोळत बसलीय!"

*

मुंबईचे एक मोठे गायक डिचोलीला गायला आले होते. त्यांचा तबलजी ज्या गाडीनं येणार, ती वाटेत बंद पडली. लोक येऊन बसलेले. आयोजकांनी एक पायलट, म्हणजे आमच्याकडचा भाड्याच्या मोटरसायकलवाला, मांद्र्याला पिटाळला, "पुनोला असशील तसा ये म्हणावं."

तो खरंच असेल तसा आला! समुद्रावर रापणीचं जाळं ओढत होता. अर्धी चड्डी ओली, दंडावर मीठ वाळलेलं. कोणाचं तरी धोतर नेसवून त्याला बसवला. गायकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि अवघड तालातली बंदिश धरली. मुद्दाम! वीस-बावीस वर्षांचं पोर कुठं सुटतं ते बघायला.

पोर सुटलं नाही. अर्ध्या तासानं गायक त्याची परीक्षा घ्यायचं विसरून नुसतेच गात होते.

मैफल संपल्यावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "माझ्याबरोबर मुंबईला चल. माझ्याच घरी राहा."

पुनो खाली मान घालून म्हणाला, "आज जमचें ना. रापणीचो माझो वांटो थंय सोडून आयलां. माजर खातलें!"

मासळीतला वाटा मांजर खाईल म्हणून! गायक पोट धरून हसले. पण मोठा माणूस, विसरला नाही. पुढची काही वर्षं पुनो त्यांच्याबरोबर पुणं, बेळगाव, कोल्हापूर फिरून आला. आम्ही म्हणायचो, हा आता परत येत नाही.

*

परत आला, तो हातात ग्लास घेऊनच.

तसा दोष कोणाला देणार? आमच्याकडे कार्यक्रम झाला की यजमान प्रेमानं कोप पुढे करतात. कोप म्हणजे ग्लास; त्यात घरची काजूची फेणी. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. पुनोनं कोणालाच दुखावलं नाही! आधी कार्यक्रमानंतर. मग कार्यक्रमाआधी, "हात मोकळो जावंक." त्यानंतर कार्यक्रम असो नसो. बाहेरगावचे लोक बोलावायचे बंद झाले. त्यानं मांद्र्याला लग्न करून आणलेली सुलभावैनी शिवणयंत्र चालवून घर चालवायला लागली.

एकदा भर सकाळी दुकानात आला आणि दोन्ही हात माझ्या काउंटरवर पसरले. बोटं थरथरत होती. पानं हलतात तशी, आपोआप. मग पिशवीतून बाटली काढली, दोन घोट घेतले आणि परत हात पसरले. थोड्या वेळानं बोटं शांत.

"बघ," म्हणाला. "पयलीं हात सुटचे म्हणून घेतालों. आतां हात रावचे म्हणून घेतां!"

पूर्वी हात सुटावेत म्हणून, आता थांबावेत म्हणून. आणि हसला. माझ्या चिमट्यात एक बारीकसा स्क्रू होता. तो मी कितीतरी वेळ तसाच धरून बसलो होतो.

*

गोव्याच्या राजभाषेचा वाद पेटला ते दिवस. कोकणी की मराठी? एकेका घरात दोन चुली व्हायची पाळी. आमचे दत्ताराम मास्तर, म्हणजे मंडळीचे मुख्य गायक नट आणि आम्हा सगळ्यांचे वडीलधारे, कट्टर मराठीवाले. त्यांचा सख्खा मेहुणा कट्टर कोकणीवाला. दोघं रोज कडाकडा भांडायचे, आणि भांडायचे ते मात्र कोकणीतूनच!

त्या दिवसांत आमचं पेडण्याकडे नाटक होतं. टेम्पोत पडदे, पेटी, तबला आणि आम्ही. वाटेत रस्त्यावर माड आडवा घातलेला. बाजूला घोळका. कुठल्या बाजूचा ते कळेना. एकानं खिडकीत डोकं घालून दरडावलं, "मराठी का कोंकणी?"

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात मागून पुनो उतरला. झुलतच. आडव्या माडावर बैठक मारली आणि खोडावर बोटं वाजवत मोठ्यानं म्हणाला, "धा धिं धिं धा! सांगात बाबांनो, ही खंयची भास?"

घोळका हसायला लागला. "आनीक वाजय!" म्हणाले. पुनोनं वाजवलं. मग त्यांनीच माड बाजूला केला. ती माणसं कुठल्या बाजूची होती, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही!

टेम्पोत आम्ही त्याची पाठ थोपटून थोपटून लाल केली. पुढच्या वाटेवर त्यानं बाटली संपवली. कोणी अडवलं नाही. त्या दिवसाचा हिरो तो होता.

नाटकात तिसऱ्या अंकात म्हाताऱ्या बापाचा तरुण मुलगा मरतो. मास्तर बाप. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन पद गायला लागले. ठेका हळू झाला. मला वाटलं, वा, काय करुण वाजवतोय! आणखी हळू झाला. मग थांबलाच. आणि माइकवरून घोरणं ऐकू यायला लागलं. पुनो डग्ग्यावर कपाळ टेकून झोपला होता!

मुलगा मेल्याच्या प्रवेशात अख्खं पब्लिक हसत होतं. मांडीवरचा मेलेला मुलगासुद्धा हलत होता. मास्तरांनी पद तबल्याशिवाय शेवटपर्यंत गायलं.

नंतर तोंडाचा रंग पुसून ते पुनोजवळ आले. ओरडले नाहीत. "पुनो, आता येऊ नकोस."

"मास्तर, एक फावट माफ करात..."

"मी तुला काढत नाही रे. तू कधीचाच गेलायस. मी नुसतं बोलून दाखवतोय."

*

त्यानंतरचं फेरीबोटीवरच्या माणसानं सांगितलं.

केरीहून खाडीपलीकडे तेरेखोलला फेरीबोट जाते. एक दिवस पुनो सकाळी बोटीत चढला आणि उतरलाच नाही. बोट तिकडे गेली, इकडे आली, परत तिकडे. हा कठड्याला टेकून बसलेला. शेवटी बोटीवरचा माणूस म्हणाला, "पुनो, तुका खंयच्या देगेर उतरूंक जाय, तें तरी सांग!" म्हणजे कुठल्या काठाला उतरवू?

पुनो म्हणाला, "जंय माका कोण वळखना, थंय."

फेरीवाला म्हणाला, "मग बस बोटीतच. दोनूय देगांर तुझो तबलो लोकांनी आयकला."

सांगणारा हे विनोद म्हणून सांगत होता. बाकावर कोणी हसलं नाही.

*

भिकूमामांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. पुनो बघायला गेला, पण जाताना वाटेत थांबून, घेऊन. मामा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "जवळ बस." वास आला असणारच.

थोड्या वेळानं मामांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. म्हणाले, "हा एक गेला माझा. तुझे दोन्ही शाबूत आहेत, आणि दोन्ही गेलेत. आपल्या दोघांत आजारी कोण रे, पुनो?"

पुनो उठून आला. हे त्यानंच मला सांगितलं, पुष्कळ नंतर. मामांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाला.

*

म्हापशात एका शाळेच्या वर्गात दर रविवारी दारू सोडलेल्या आणि सोडू बघणाऱ्यांची बैठक भरायची. चालवायचा पेद्रू. पूर्वी बोटीवर खलाशी. जगातल्या सगळ्या बंदरांत पिऊन झाल्यावर म्हापशाला येऊन सोडलेली!

एका रविवारी त्या वर्गात एक बाई येऊन शेवटच्या बाकावर बसली. पुढच्या रविवारीही. त्याच्या पुढच्याही. कोणाशी बोलायची नाही, सगळं ऐकायची आणि बस पकडून जायची. शेवटी पेद्रूनं अदबीनं विचारलं, "बाय, तूं कितलीं वर्सां पियेता?"

"हांव पियेना! माझो घोव पिता."

"आनी तो खंय आसा?"

"घरा." ती सुलभावैनी होती. "तो एक दीस येतलो. तेन्ना वाट चुकूंक नये, म्हणून हांव आदीं बघून ठेवतां."

मामांकडून आल्यानंतरच्या एका रविवारी पुनो तिच्या मागून चालत आला. वैनी वळणं न विचारता पुढे, हा मागे.

बोलायची पाळी आल्यावर पुनो उभा राहिला. घाबरल्यावर त्याच्या तोंडी नाटकातली मराठी यायची. "मित्रहो, माझे नाव पुंडलिक..."

मागून आवाज आला, "कोंकणींत उलय!"

दुसरीकडून, "बोलू दे की मराठीत!"

तिथंही तेच! सगळा गोवा दोन भागांत भांडत होता, तो वर्ग तरी कसा सुटणार? पेद्रूनं टेबलावर हात आपटला. "वोगी रावात! पुंडलिक, सोरो पितना तूं खंयचे भाशेंत उलयतालो? तीच भास हांगा उलय."

पुनो विचारात पडला. मग म्हणाला, "पितना हांव उलयनासलों. कोणाकडेच."

पिताना मी बोलतच नव्हतो, कोणाशीच. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला दोन्ही भाषांत समजलं.

"मग आतां उलय," पेद्रू म्हणाला आणि खाली बसला.

*

दारू सुटली म्हणून हात लगेच परत आले, असं नाही हं! पहिल्यांदा तबल्यावर बसला तेव्हा डावा बरा चालला, पण उजव्या हाताची बोटं एकमेकांत अडकायला लागली. आमोण्याला खनिज नेणाऱ्या बार्जवर त्याला काम मिळालं होतं. सुटला की चालत मामांच्या घरी.

मामांचा उजवा हात धड, डावा गेलेला. पुनोचा डावा धड, उजवा रुसलेला. एकदा मामा म्हणाले, "आण इकडे." तबला आपल्याकडे ओढला, डग्गा पुनोकडे सरकवला. मामांचा उजवा, पुनोचा डावा, आणि तीनताल सुरू!

मी गेलो तेव्हा हे चाललं होतं. खाटेला टेकून बसलेला म्हातारा आणि जमिनीवर मांडी घातलेला शिष्य. दोन माणसांचा मिळून एक तबलजी. डोळ्यांत पाणी यायचंच माझ्या, तेवढ्यात मामा खेकसले, "अरे, मागं पडतोस! पॅरालिसिस मला झालाय का तुला?"

*

गोव्याला घटक राज्य मिळालं त्या दिवशी बाजारात फटाके, गुलाल, पेढे. आणि अर्थात कोप! प्रत्येक दारात कोणी ना कोणी ओढून नेतंय. पुनो सकाळीच माझ्या दुकानात येऊन बाकावर बसला आणि हलेना. त्याला दारू सोडून अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं.

एक जुना दोस्त ग्लास घेऊन आतच आला. "आज तरी घे रे! राज्य मेळ्ळां आमकां! असो दीस परत येतलो?"

पुनोनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. म्हणाला, "गोव्याक मेळ्ळें, बरें जालें. माका माझें अजून मेळूंक ना."

दोस्त गेला. मी शटर अर्धं खाली ओढलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं आत बसून होतो. त्यानं दुकानातली सगळी घड्याळं पुसून दिली, काही दोनदा.

*

आता शेवटचा. हा बाकावर फारसा कोणी सांगत नाही.

मध्ये काही वर्षं गेली. मास्तर थकले, नाटकातून निवृत्त झाले. मांद्र्याच्या देवळात उत्सवाला दुपारची गाण्याची बैठक असते. लोकांनी आग्रह केला म्हणून मास्तर कबूल झाले, आणि माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "पुनोला विचार, साथीला बसशील का म्हणून."

मी म्हटलं, "तुम्हीच विचारा."

ते गेले. काय बोलणं झालं, माहीत नाही. पण त्या दुपारी मी पेटीवर आणि पुनो तबल्यावर, परत शेजारी.

मंडप भरलेला. निम्मे मास्तरांना ऐकायला आले होते, निम्मे पुनोचे हात थरथरतात का ते बघायला. सुलभावैनी खांबाजवळ. पुढच्या रांगेत गावचे जाणकार, हातावर हात मारून मात्रा मोजणारे. पहिली दोन पदं सुरेख झाली. पुनो असा वाजवत होता, की मला माझ्या पेटीचा हेवा वाटत होता, तिला इतक्या जवळून ऐकायला मिळतंय म्हणून!

मग मास्तरांनी त्यांचं पूर्वीचं गाजलेलं पद धरलं. आता तालात सम म्हणजे घर. गाणारा कुठंही फिरून येवो, तबलजी कुठंही फिरो, घरी दोघांनी एकदमच पोचायचं. मास्तरांनी लांब तान घेतली. वय झालेलं, अर्ध्यावर दम सरला. मी बघत होतो. सम आली, जाणकारांचे हात खाली पडले, आणि मास्तर अजून वाटेत!

पुनोचा हात वर गेला होता. तो वरच राहिला. मास्तर एक मात्रा उशिरा घरी पोचले, आणि बरोबर त्याच क्षणी पुनोचा 'धा' पडला.

पद पुढे गेलं. शेवटी टाळ्या थांबेनात. मास्तरांना खांद्यावर उचलायचंच काय ते बाकी होतं.

बैठकीनंतर मंडपात चहा झाला. पुढच्या रांगेतले एक जाणकार कप घेऊन पुनोजवळ आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरें वाजयलें. पुण त्या पदांत एक मात्रा वाढयली मरे तुवें! हात अजून बसूंक ना."

पुनोनं पंच्यानं तोंड पुसलं.

"होय," म्हणाला. "चुकलों."

"रियाज कर."

"करतां."

जाणकार समाधानानं पुढे गेले. मास्तर माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी हातातला कप न पिताच खाली ठेवला. आत गेले आणि पुनोचा डग्गा दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाहेर आले. सगळा मंडप बघतोय. डग्गा घ्यायला सुलभावैनी धावत पुढे झाली.

"मास्तर, तुमी कित्याक? तो घरा व्हरतलो न्हय!"

"असू दे," मास्तर म्हणाले. "घर कुठं आहे तेवढं दाखव."